देणगीत गेलेली गाडी

यंदा एकही भाषण होणार नाही, प्रमुख पाहुणा नावाचा माणूस आवारात फिरकणार नाही, आणि तरीही आजवर जमला नाही एवढा पैसा एका दिवसात जमेल, असं ब्रेकबाईंनी समितीच्या बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं. हात इतक्या जोरात आपटला की अर्थशास्त्राच्या सरांच्या पुढ्यातला पाण्याचा ग्लास त्यांच्याच मांडीवर लवंडला. सरांनी रुमालाने विजार टिपली, पण ब्र काढला नाही. ब्रेकबाईंशी वाद घालणं म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल करून डोळे मिटून बसणं, हे समितीतल्या सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

ब्रेकबाई गावात मोटार चालवायला शिकवायच्या. त्यांच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी असतात तसेच ब्रेक आणि क्लच शेजारच्या सीटपुढेही बसवलेले होते. त्या सीटवर बसून बाई शिकाऊ माणसाची चूक व्हायच्या आधीच ब्रेक दाबत. चूक झाल्यावर दाबून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं खरं नाव मोटार शिकवण्याच्या शाळेच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. स्वतःच्या कपाळावरचं टेंगूळ मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात होतं.

लोकांना एखाद्याचं दुःख पाहून वाईट वाटतं. बाईंना वाईट वाटत नसे, राग येई. डोंगरावरच्या एका खेड्यातला दुधाचा टँकर चालवणारा माणूस त्यांच्याकडे शिकला होता. एकदा त्याच्या गावावरून जाताना त्या दूध संकलन केंद्रापाशी थांबल्या, तर त्याची मुलगी तिथे कॅनमध्ये पट्टी बुडवून दूध मोजत उभी. शाळेत पहिली आलेली पोर.

"कॉलेजात नाव नाही घातलंस?" बाईंनी विचारलं.

"घातलं असतं. रोज जाऊन-येऊन जमत नाही. बस एकच आहे, ती कॉलेज सुटायच्या आधीच परत निघते. होस्टेल परवडत नाही."

पोरगी हे इतक्या साध्या सुरात म्हणाली, जणू आज दूध जरा पातळ आहे एवढंच सांगत होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर चिडावं ते कळेना, म्हणून त्या परतीच्या वाटेवर एका म्हशीवर चिडल्या, एका टोलनाक्यावर चिडल्या आणि घरी आल्यावर नवऱ्यावर चिडल्या. दुसऱ्याच दिवशी त्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती समितीत घुसल्या.

समितीचा पहिला कार्यक्रम म्हणजे गेल्या वर्षीची संगीतसंध्या. कल्पना अर्थशास्त्राच्या सरांची. पाहुण्यांचं येणं-जाणं, पाहुण्यांचं राहणं, पाहुण्यांच्या तबलजीचं वेगळं राहणं, कारण त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, असं सगळं वजा जाता जे उरलं त्यात एका मुलीचा अर्ध्या वर्षाचा बसचा पास निघाला. "म्हणजे ती पोर अर्ध्या रस्त्यात उतरून उरलेलं शिक्षण बांधावर बसून घेणार का?" असं बाईंनी भर बैठकीत विचारलं होतं. सरांनी त्यावर महागाईच्या निर्देशांकाबद्दल काहीतरी सांगितलं होतं. ते बाई अजून विसरल्या नव्हत्या.

म्हणून यंदा त्यांनी सूत्रं हातात घेतली. प्रत्येक घराने वापरात नसलेल्या वस्तू द्यायच्या, कॉलेजच्या आवारात त्या मांडायच्या, ज्याला जे हवं ते त्याने उचलावं आणि मनाला येईल ती देणगी पेटीत टाकावी. किंमत लावायची नाही, घासाघीस नाही, भाषण तर नाहीच नाही. सरांना फक्त लाउडस्पीकर दिला, कारण काहीतरी दिल्याशिवाय ते ऐकेनात. "मोठी देणगी आली तर नाव सांगायचं," बाईंनी बजावलं. "नाव सांगून गप्प बसायचं."

विक्रीच्या दिवशी सकाळी बाईंची गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की ती नुसती खोकायची. बाईंनी स्टिअरिंगवर थाप मारली आणि गेली काही वर्षं दर आठवड्याला म्हणत आलेलं वाक्य पुन्हा म्हटलं, "एकदाची ही गाडी काढून टाकते आणि मोकळी होते."

त्यांचा नवरा मागच्या सीटवर दोन सुटकेस, एक शिवणयंत्राचं झाकण आणि एक दिव्याची शेड मांडीवर घेऊन बसला होता. तो घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर गहूभर स्क्रू फिरवणारा माणूस. त्याला कधी राग आलेला कुणी पाहिला नव्हता. घरात एकाला राग येतो तेवढा दोघांना पुरतो, असं तो म्हणे.

"काढून टाकायची?" त्याने विचारलं.

"आज एकही प्रश्न विचारू नका," बाई म्हणाल्या. "काल रात्रीपासून प्रश्न विचारून डोकं खाल्लंत. हे झाकणासकट द्यायचं का, ह्याला दोरी बांधायची का. आज सांगितलं तेवढं करायचं."

गाडी सुरू झाली. कॉलेजच्या फाटकातून आत जाऊन बाईंनी ती भिंतीकडेला उभी केली. टेबलं कमी पडली, तेव्हा गाडीच्या बॉनेटवरच कपबशा मांडल्या, डिकी उघडी ठेवून तिच्यात जुनी पुस्तकं रचली. डॉक्टरीणबाईंनी आपल्या नातवाची बाबागाडी पाठवली होती. तिचं एक चाक वाकडं. कुठेही ठेवली तरी ती हळूच घरंगळत येऊन लोकांच्या पोटऱ्यांवर आदळे. बाईंच्या पोटरीवर ती दुसऱ्यांदा आदळली, तेव्हा त्यांनी तिला उचलून स्वतःच्या गाडीला टेकवून ठेवलं आणि नवऱ्याला गाडीची किल्ली देऊन तिथेच उभं केलं. डिकीचं झाकण आपोआप पडायचं, ते पुन्हा उघडायला किल्ली लागायची.

"आणि हे पाहा," त्या बोट दाखवून म्हणाल्या, "ही गाडी कोणी मागितली तर लगेच देऊन टाकायची. देतील ते घ्यायचं, विचार करत बसायचं नाही. माझ्या डोक्याचा ताप जाईल एकदाचा."

नवऱ्याने बोटाच्या दिशेने पाहिलं. तो तोंड उघडणार होता. मग त्याला प्रश्नांबद्दलची ताकीद आठवली आणि त्याने तोंड मिटलं.

बाई आत सभागृहात कपड्यांच्या विभागाकडे गेल्या. तिथे एक गृहस्थ कोटाला बटण नाही म्हणून देणगीत सवलत मागत होते. बाई त्यांच्याशी भांडण्यात रंगून गेल्या होत्या, तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला.

"बंधुभगिनींनो," अर्थशास्त्राच्या सरांचा आवाज घुमला आणि भाषण होणार हे बाईंना त्या एका शब्दावरून कळलं. "आज आपल्यापुढे त्यागाचं असं उदाहरण घडलं आहे की माझ्याकडे शब्द नाहीत." त्यानंतर शब्द बराच वेळ येत राहिले. शेवटी कळलं ते असं, की ग्रामीण मुलांच्या शिक्षणासाठी गावातल्या एका भगिनीने आपल्या उपजीविकेचं एकमेव साधन, स्वतःची मोटार, देणगीदाखल दिली आहे, आणि हार्डवेअरचे व्यापारी खिळेशेठ यांनी ती घेऊन समितीच्या इतिहासातली सर्वांत मोठी रक्कम पेटीत टाकली आहे.

बाईंना आधी वाटलं, कुणीतरी दुसरी बाई असेल. कौतुकाने मान हलवायला त्यांनी सुरुवातही केली होती. मग गावात मोटार शिकवणारी दुसरी बाईच नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.

त्या हातातल्या बिनबटणाच्या कोटासकट धावत बाहेर आल्या. भिंतीकडेला गाडी नव्हती. कपबशा जमिनीवर वर्तमानपत्रावर नीट मांडलेल्या होत्या, पुस्तकं तिथेच शेजारी रचलेली होती, बाबागाडी भिंतीला टेकलेली होती आणि नवरा हात मागे बांधून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान होता, की लग्नातल्या फोटोतही तो इतका खूश दिसत नव्हता.

"गाडी कुठाय?"

"दिली," नवरा म्हणाला. "लगेच दिली. विचार करत बसलो नाही."

"कुठली गाडी दिलीत?"

"तू दाखवलीस ती."

"मी बाबागाडी दाखवली होती."

नवऱ्याने भिंतीकडे पाहिलं, बाबागाडीकडे पाहिलं, रिकाम्या जागेकडे पाहिलं. अभिमान त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरला, भिंतीवरून ओला पोपडा सुटावा तसा. "मला वाटलं," तो म्हणाला, "त्या पोरीसाठी तू एवढा राग करतेस, म्हणजे... तू असलं काही करशील असं मला वाटलं. मी काही बोललो नाही, पण मला बरं वाटलं होतं."

यावर बाई त्याला काय काय म्हणाल्या ते सगळं सांगण्यासारखं नाही. तीस वर्षं घड्याळं उघडून पाहता, कधी स्वतःचं डोकं उघडून पाहा, आत यंत्र आहे का नुसता डबा आहे, हे त्यातलं सौम्य. नवरा ऐकत राहिला. त्याने एवढंच म्हटलं, "प्रश्न विचारू नका म्हणालीस." त्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.

भांडण रंगात येत होतं, पण भांडायला मोकळीक मिळाली तर ना. लोक येऊन बाईंचे हात धरू लागले. प्राचार्य आले, त्यांचे डोळे पाणावलेले. बाई म्हणाल्या, "सर, ऐका, मी गाडी दिलेली नाही. चुकून गेली."

"पाहा," प्राचार्य जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाले. "याला म्हणतात दान. श्रेयसुद्धा नको."

"अहो, श्रेय कसलं, मला गाडी हवी आहे."

लोक हसले. काय विनोदी बाई आहे, असं कुणीतरी म्हणालं. बाईंचा आवाज चढला तसा लोकांचा आदर चढला. शेवटी त्या तरातरा सरांकडे गेल्या, त्यांच्या हातातून माईक ओढला आणि गरजल्या, "मी स्पष्ट सांगते, मी काहीही दिलेलं नाही. हा सगळा मूर्खपणा आहे."  मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की फाटकावरचे कावळे उडाले. डॉक्टर पुढे झाले आणि म्हणाले, ज्या गावात अशी माणसं आहेत तिथे मी वाकड्या चाकाची बाबागाडी देऊन मोकळा होणार नाही. माझा फ्रिज घ्या. फोटोग्राफरने गळ्यातला कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाई फाटकाशी उभ्या होत्या. फ्रिजमध्ये आठवड्याची भाजी होती. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. त्यांनी ब्रेकबाईंकडे पाहिलं, आणि त्या नजरेतला राग बाईंना पूर्ण पटला. डॉक्टरीणबाईंच्या जागी त्यांनीही तेच केलं असतं.

तेवढ्यात प्राचार्यांनी माईक घेतला आणि नावं घेऊन सांगून टाकलं, की आजच्या रकमेत डोंगरावरच्या तीन मुलींचा होस्टेलचा आणि फीचा खर्च पदवी होईपर्यंत भागतो. तीनपैकी एक मुलगी तिथेच होती. दूध मोजणारी. सकाळपासून ती भांडी पुसून मांडत होती. आपलं नाव ऐकून तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तिचा बाप टँकर रस्त्यात उभा करून आला होता. तो बाईंसमोर येऊन उभा राहिला, हात जोडले, मग परत जाऊन टँकरला टेकून उभा राहिला. मागून इतर गाड्या हॉर्न वाजवत होत्या, पण तो काही हलला नाही.

मुलगी मात्र बाईंजवळ आली. तिने आभार मानले नाहीत. ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मग आता तुम्ही शिकवणार कशावर?"

सगळ्या आवारात एवढा एकच शहाणा प्रश्न विचारला गेला होता. बाईंना आतून काय होतंय ते कळेना. ते रागच असणार असं धरून त्या खेकसल्या, "ते माझं मी बघीन. तू होस्टेलच्या खोलीचं बघ. पहिल्या मजल्यावरची घे, खालच्या खोल्यांना ओल येते."

मग त्या फाटकाबाहेर पडल्या आणि पायी खिळेशेठच्या दुकानाकडे निघाल्या.

चालण्याची सवय नव्हती. कोपऱ्यावर वळताना त्यांचा उजवा हात आपोआप बाहेर जाई. पण चालता चालता डोकं चालू लागलं. पेटीतल्या पैशाला हात लावायचा नाही, हे ठरलं. तो आता मुलींचा. पण गाडीचे कागद अजून त्यांच्याच नावावर होते. सही झाल्याशिवाय गाडी शेठची होत नाही. म्हणजे शेठला सांगायचं, गाडी परत द्या, तुमची रक्कम मी माझ्या खिशातून फेडते, थोडी थोडी, हप्त्याने. शेठ ऐकणार नाही. तो खिळे तोलतानाही एक खिळा हातात धरून विचार करणारा माणूस. आजवर कुठल्याही कामाला त्याने देणगी दिली नव्हती. आज दिली ती गाडी स्वस्तात पडली म्हणून. त्याच्याशी कसं भांडायचं, याची बाईंनी रस्ताभर उजळणी केली. आधी लाज काढायची. मग कागदांचा धाक. मग शेवटचा उपाय म्हणून दुकानाच्या पायरीवर ठिय्या. दुकान दिसू लागलं तेव्हा त्यांची इतकी उत्तम तयारी झाली होती, की परीक्षा असती तर पहिल्याच आल्या असत्या.

दुकानासमोर गाडी अर्धी रस्त्यात तिरपी उभी होती. शेठ पायरीवर बसून गुडघा चोळत होते. शेठाणी आत खुर्चीवर बसून कुणीतरी वारा घालावा अशा बेताने डोळे मिटून पडल्या होत्या. बाईंना पाहताच शेठ ताडकन उठले.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "मी तुमच्याकडेच माणूस पाठवणार होतो. ही गाडी परत घेऊन जा."

बाईंची सगळी तयारी वाया गेली. "काय म्हणालात?"

"परत न्या म्हणतो. पैसे आज नका देऊ. सावकाश द्या, हप्त्याने द्या, माझी काही घाई नाही. पण ही इथून हलवा."

परमेश्वर माणसाला आयुष्यात एखाद्याच वेळी असं तबक पुढे करतो. बाईंनी फक्त "बरं" म्हणायचं होतं. किल्ली घ्यायची, गाडीत बसायचं आणि घरी जायचं. त्यांचं तोंड "बरं" म्हणायला उघडलंही होतं.

"खटारा आहे नुसता," शेठ म्हणाले.

बाईंचं तोंड मिटलं.

"कॉलेजपासून इथवर येईपर्यंत जीव गेला आमचा," शेठ सांगू लागले. "चार पावलं चालते आणि गच्चकन थांबते. पुन्हा चालू करावी, पुन्हा गच्च. चौकात तर मागच्या रिक्षावाल्याने माझा उद्धार केला. हिचं डोकं काचेवर आपटलं. माझा गुडघा सुजला. असला खोट असलेला माल कुणाच्या गळ्यात मारायचा म्हणजे... जाऊ द्या, मी बोलत नाही. तुम्ही न्या."

"खोट?" बाई म्हणाल्या. "माझ्या गाडीत?"

"मग काय माझ्यात?"

"शेठ, ही गाडी मी स्वतः जपली आहे. हिचं तेल मी महिन्याच्या महिन्याला बदलते. अर्ध्या गावाने हिचा गिअर उपटायचा प्रयत्न केलाय आणि हिने तक्रार केली नाही. सकाळी थोडी खोकते, एवढंच. तुम्हीही खोकता."

"मी चौकात थांबत नाही," शेठ म्हणाले.

"शेठाणी कुठे बसल्या होत्या?"

"पुढेच. माझ्या शेजारी."

"पाय कुठे ठेवले होते त्यांनी?"

आतून शेठाणींनी डोळे उघडले. "खाली पाय टेकायला चांगले दोन दांडे दिलेत ना," त्या म्हणाल्या. "तिथेच. भीती वाटली की जोर देऊन बसत होते."

 बाईंनी शेठच्या हातातून किल्ली घेतली, शेठना दंडाला धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, शेठाणींना मागे बसवलं आणि स्वतः शेजारी बसून पाय सीटखाली घेतले. "चला," त्या म्हणाल्या. शेठनी भीत भीत गाडी सुरू केली. गाडी लोण्यासारखी निघाली. बाजारपेठेतून, चौकातून, रिक्षांच्या मधून, पुलावरून. बाई सांगत होत्या, "दुसरा टाका. आता तिसरा. आवाज ऐका तिचा. हा खटाऱ्याचा आवाज आहे? वळा. बघा कशी वळते. पाळण्यासारखी वळते. लावा ब्रेक. तुमचा, तुमच्या पायाखालचा. थांबली का नाही जागच्या जागी?"

"थांबली," शेठ म्हणाले.

"मग खोट कुठे होती?"

"हिच्या पायात," शेठ कबूल झाले. मागून शेठाणी काहीतरी म्हणाल्या. त्यावर शेठनी पहिला गिअर टाकला.

दुकानापाशी परत येईपर्यंत शेठचा चेहरा पार बदलला होता. त्यांनी उतरून गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवरून हात फिरवला. "उत्तम आहे हो," ते म्हणाले. "मी उगाच घाबरलो. सिमेंटच्या दोन गोण्या डिकीत मावतील ना?"

"तीन मावतील," बाई ताठ मानेने म्हणाल्या.

"बरं, मग ते परत न्यायचं राहू द्या. तुमच्या गाडीला उगाच नाव ठेवलं, माफ करा. फक्त ते कागद तेवढे..."

"आणा इकडे," बाई म्हणाल्या. त्यांचं रक्त अजून उसळत होतं. "माझ्या गाडीत खोट काढता. आणा. सही करून देते. म्हणजे पुन्हा कुणाला परत करायचं नाव काढायला नको." त्यांनी गाडीतल्या खणातून स्वतःच्या हाताने कागद काढले आणि शेठच्या काउंटरवर, खिळ्यांच्या तराजूशेजारी, कागद फाटेल इतक्या जोराने सही केली. मग मान वर करून त्या दुकानाच्या पायऱ्या उतरल्या. आपण जिंकलो, या आनंदात त्या पुलापर्यंत चालत गेल्या.

पुलावर त्यांना आठवलं, की आपण पायी चाललो आहोत.

घरी आल्या तेव्हा नवरा दाराशीच उभा होता. त्याने स्वयंपाकघरात ठेवलेली बँकेची बचतीची पुस्तकं काढून ठेवली होती आणि घड्याळाच्या दुकानातली जुनी यंत्रं विकली तर काय होईल याचा हिशेब मनात मांडला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"शेठ ऐकले का?" त्याने विचारलं. "आज प्रश्न विचारायचा नाही, पण हा एकच."

"ऐकले," बाई चपला काढत म्हणाल्या.

"मग गाडी कुठाय?"

"दिली."

"पुन्हा? कोणी?"

बाईंनी चपला जागेवर नीट लावल्या. एरवी त्या कधी लावत नसत. "मी," त्या म्हणाल्या. मग जे घडलं ते त्यांनी सांगितलं. खटारा या शब्दाशी आल्यावर त्यांचा आवाज पुन्हा चढला, पण सहीशी येईपर्यंत तो इतका खाली गेला, की नवऱ्याला पुढे वाकून ऐकावं लागलं.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने डोळ्यावरचा चष्मा काढला, घडी घातली आणि तो टेबलावर ठेवला. चष्मा ठेवताना आवाज झाला.

"म्हणजे मी न विचारता दिली तर मी मूर्ख," तो म्हणाला. "माझ्या डोक्यात यंत्र नाही, नुसता डबा. सगळ्या आवारासमोर. आणि तू चालवून दाखवून, गोण्या किती मावतात ते सांगून, सही करून दिलीस."

"शेठ खटारा म्हणाले हो."

"म्हणू देत. घरी आणून आपणही म्हटलं असतं. सकाळी तूच म्हणत होतीस."  त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आजचा दिवस मला राग आला आहे. माझ्याशी बोलू नकोस. मी बसतो आहे."

आणि तो खरोखरच खुर्चीत, पाठ फिरवून बसला. बाई त्याच्या पाठीकडे पाहत राहिल्या. रागवावं तरी काय म्हणून, ते त्यांना सुचेना. त्या घरात राग हे त्यांचं खातं होतं. दुसऱ्याने ते चालवायला घेतल्यावर काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.  मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, चहाचं पातेलं शोधलं, ते तिसऱ्या कपाटात सापडलं, आणि पाणी उकळायला ठेवलं.

पाणी उकळलं तरी त्या तशाच उभ्या होत्या. शेवटी त्यांनी बाहेर डोकावून, इतक्या हळू आवाजात की त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही, विचारलं,

"अहो, तुम्ही साखर किती घेता?"